विठाआत्याच्या सुगरणी

माझी विठाआत्या चिखलोलीत दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे: तिचा आवाज आणि तिच्या विहिरीवरची बाभूळ. बाभूळ पाण्यावर वाकलेली, आणि दर पावसाळ्यात तिच्यावर सुगरणींची घरटी. घर बांधतो नर. "शिक जरा!" असं ती मला लग्न झाल्यापासून ऐकवते.

आसपासची भातशेती गेली, टॉवर आले. पाखरांनी विणायला हिरवी पात आणायची कुठून? आत्या घरी बसून उल्हासनगरच्या एका कारखान्याच्या जीन्सचे लोंबते धागे कापायची. तीन वर्षांपूर्वी एका नराने तिच्या ढिगातला धागा पळवला. बाई काय हरखली! तेव्हापासून रोज सकाळी कुंपणावर धाग्यांचे झुबके टांगायची. गवताच्या घरट्यांत निळे-पिवळे धागे दिसायला लागले. मी गाढव, फोटो काढून गावभर पाठवले. शेजारच्या पाणथळीवरच्या भरावाला काही लोक विरोध करत होते, तर समोरच्या सोसायटीतल्या एका साहेबांनी त्यांना तेच फोटो दाखवले. म्हणे, बघा, पाखरांनी जुळवून घेतलं की! विरोध बारगळला आणि उरलंसुरलं गवतही मातीखाली गेलं. यंदाची घरटी जवळजवळ नुसत्या धाग्यांची.

पिल्लं उडायला आली तेव्हा एका रविवारी आत्याची हाक आली, "सुयोग, धाव रे!"

एक पिल्लू घरट्याच्या तोंडाशी उलटं लटकत होतं. पायात धागा अडकलेला. पात वाळली की तुटते, हा मेला तुटतच नाही. शेजारी दुसरं. पलीकडचं तिसरं कधीच सुकलेलं. आणि आई त्या उलट्या चोचीत किडा भरवत होती.

"माझ्या हाताने टांगलं रे मी," आत्याचं एकच चाललेलं.

एका बांबूला विळा बांधून तिच्या हाती दिला. धागा कापला तर पिल्लू विहिरीत, नाही कापला तर तिथंच मरणार. मी दुसऱ्या बांबूला टोपली बांधून खाली धरली. पहिलं टोपलीत पडलं, पण पाय काळा पडला होता. तासाभरात आत्याच्या ओंजळीतच त्याने जीव सोडला. दुसऱ्याच्या वेळी वारा आला, माझा हात चुकला, ते थेट विहिरीत. आत्या काठावर बसून गळा काढून रडली. आजोबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

तिने कुंपण साफ केलं, कारखान्याचं काम सोडलं. काय उपयोग? दुसऱ्या दिवशी दोन नर कचऱ्यातून धागे ओढून आणत होते, नवी घरटी विणत होते, आणि वर पंख फडफडवून मादीला बोलावत होते.

भात पिकलेलं असतानाही आत्याने कधी पाखरू हुसकावलं नव्हतं. ती माझ्याकडे वळली. "दगड दे."

"आत्या, जातील कुठे गं ती?"

"मला नाय माहीत. दे दगड."

मी दिला. तिने मारला, आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.