पायातला सिनेमा

सिनेमा संपला की इंदूमावशी उठत नसत. पडद्यावर नावं सरकू लागली, लोक मोबाईलच्या उजेडात पायऱ्या उतरू लागले, की त्या चष्मा पुसून पुढे सरकून बसत आणि एकेक नाव वाचत. रंगभूषा, दिवे, गाड्या, जेवण. इंग्रजी नाव अडलं की मला कोपर मारून विचारत. झाडूवाले ताटकळत उभे असत. एकदा गार्ड म्हणाला, "आजी, पिक्चर खतम झाला ना, उठा आता." मावशी त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तुया खतम झाला बाप्पा. ज्यायनं केला त्यायचा तं आता सुरू झाला."

पाचपावलीत आमच्या भिंतीला त्यांची भिंत लागून होती. शाळेत शिवण शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, ऐंशी ओलांडली होती, आणि गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. माझे वडील संघटनेची पत्रकं छापत. मी वाचायला शिकले ती त्या गठ्ठ्यांवर. दोषी कोण ते पहिल्या ओळीत, मागणी काय ते शेवटच्या ओळीत, एवढंच लेखन मला येत होतं. माझं प्रत्येक पत्रक मावशी ओट्यावर बसून वाचत आणि परत देताना म्हणत, "लय तिखट केलं वं. थोडं मीठही टाकत जाय."

गल्लीत त्यांची ओळख मात्र वेगळ्याच कारणाने होती. नवरा वारला तेव्हा बाया जोडवी काढायला बसल्या आणि मावशींनी पाय पोटाशी ओढून घेतले. विधवेच्या पायात जोडवी, हा विषय गल्लीला कितीतरी वर्षं पुरला. मी एका सभेत तो प्रसंग बंड म्हणून सांगितला, टाळ्याही मिळाल्या. मावशी शेवटच्या रांगेत होत्या. घरी येताना म्हणाल्या, "तुले वाटते ते सांग पोरी. पण मी काही बंडबिंड नाही केलं. ते जोडवे तुह्या काकाचे नव्हतेच." मग कोणाचे, हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही.

ते मला कळलं गेल्या वर्षी. शहरात विदर्भातल्या जुन्या सिनेमावर एक प्रदर्शन भरणार होतं. संयोजक मावशींच्या घरी आले. त्यांच्याकडे मावशींच्या वडिलांचा कॅमेऱ्यासोबतचा एक फोटो होता. वडिलांचा फिरता तंबू होता, जत्राजत्रांतून ते सिनेमे दाखवत, आणि एक मूकपट त्यांनी स्वतः काढला होता. "आद्य दिग्दर्शकाची कन्या म्हणून उद्घाटनाला तुम्ही हव्यात," संयोजक म्हणाले.

मावशींनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "बाबा फक्त कॅमेऱ्याची दांडी फिरवे. पिक्चर माह्या आईनं केला."

खाप्याला, कन्हान नदीच्या काठी तो सिनेमा काढला होता. विणकराच्या मुलीची गोष्ट आईची. कोणी कुठे उभं राहायचं, कधी मान वळवायची, ऊन उतरलं की थांबायचं, हे सगळं आई सांगे. पदर खोचून, हातात काठी घेऊन. गावातले पुरुष बाईचं ऐकायला लाजत, म्हणून आई नवऱ्याच्या कानात सांगे आणि तो मोठ्याने ओरडे.

"मग सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवर तुमच्या आईंचं नाव असेल," मी म्हणाले.

"नाही वं. दिग्दर्शक म्हणून बाबाचंच होतं. काळ्या पाटीवर पांढऱ्या रंगानं आईनंच लिहिलं. तिचं अक्षर लय सुंदर होतं."

 कोणी नाव खोडलं असतं तर मला राग कुठे धरायचा ते ठाऊक होतं. इथे तिने स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात, दुसऱ्याचं नाव लिहिलं होतं.

संयोजक नम्रपणे म्हणाले, "आजी, सिनेमा मिळाला असता तर काही सिद्ध करता आलं असतं." मावशींनी एवढंच मागितलं, "माह्या आईचं नाव एक वेळा तिथं लागू द्या. मी कधी काही मांगत नाही." ते "बघतो" म्हणून गेले.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. एका स्त्रीची कला कोणी नष्ट केली, असा पहिल्याच ओळीत सवाल. मावशींना वाचून दाखवलं. त्या हसू लागल्या, मग खोकू लागल्या.

"आईनंच केला नष्ट. माह्या लग्नात. सासरच्यायले चांदी पाहिजे होती. जुन्या पिक्चरच्या पट्टीत चांदी राहते, तुले माहीत नाही काय? आईनं डबे काढले, रिक्षात घातले, इतवारीच्या सराफ्यात नेले. सोड्याच्या गरम पाण्यात पट्ट्या धुतल्या, काळा गाळ खाली बसला, तो आटवला. एवढ्या पिक्चरातून निघाले ते हे." त्यांनी साडी जराशी वर केली. जोडवी घासून पातळ झाली होती.

"आणि तुमचे बाबा?"

"डबे उचलाले त्यायनंच हात देल्ला."

"तुम्ही विचारलं नाही का, असं कशासाठी?"

"विचारलं ना. म्हटलं, आई, काहून वं? तं म्हणे, नाव त्यायचं होतं, चांदी तं माही आहे. तुह्या पायात राहीन."

मी ते पत्रक तसंच हातात धरून बसले. ज्या सिनेमासाठी मी भांडायला निघाले होते तो माझ्यासमोर, शेणाने सारवलेल्या ओट्यावर, पायाच्या दोन बोटांत होता. कोणाला दोषी धरावं ते मला आजही सांगता येत नाही. मावशी म्हणाल्या, "आता तोंड काहून पाडून राहिली? चहा पी."

मी मूर्खासारखी ही हकिकत संयोजकांना सांगितली, पुरावा म्हणून. ते धावत आले. जोडवी काचेच्या पेटीत ठेवू म्हणाले. मजकूर तयारच होता: आद्य दिग्दर्शकांच्या लुप्त चित्रपटाच्या चांदीतून घडवलेली जोडवी. खाली वडिलांचं नाव.

"आणि आई?" मावशींनी विचारलं.

"आजी, पाटीवर बाबांचं नाव होतं, हे तुम्हीच सांगता. आम्ही इतिहास कसा बदलणार?"

खरं बोलल्याची ही किंमत. मावशींनी पाय साडीत ओढून घेतले. "मंग राहू द्या. आईनं मले घालाले देल्ले, दाखवाले नाही." ते गेल्यावर त्या म्हणाल्या, "मी खोटं बोलाले पाहिजे होतं काय वं?" त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

उद्घाटनाला त्या जाणार नाहीत असं मी धरून चालले होते. त्या नऊवारी नेसून तयार बसल्या होत्या. दालनात शिरताच समोर वडिलांचा फोटो, पुरुषभर उंचीचा, खाली ठळक अक्षरांत दिग्दर्शक आणि नाव. लोक भाषणांची वाट बघत होते. संयोजक पुष्पगुच्छ घेऊन पुढे आले. मावशींनी गुच्छ माझ्याकडे दिला आणि संयोजकांच्या खिशाचा जाड काळा पेन काढून घेतला. त्यांना वाटलं सही करायची असेल, ते हसले.

मावशी फोटोपाशी गेल्या. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. वडिलांच्या नावाला धक्का न लावता, त्याच्या शेजारी, त्याच उंचीचं, आईचं एकच नाव त्यांनी लिहिलं: यमुना. ना बापाचं, ना नवऱ्याचं, मागेपुढे काही नाही. अक्षर देखणं होतं.

"आजी, हे काय केलं तुम्ही," संयोजक म्हणाले. "इतिहास असा हाताने लिहीत नसतात."

मावशींनी पेनाला टोपण लावलं आणि तो त्यांच्या खिशाला परत अडकवला.

"मंग कायनं लिहतेत, बाप्पा?"