वाळूत उतरवलेली जीप

आमच्या उदगीरकडे नदीचं पात्र निम्मं वर्ष कोरडंच असतं. गाडी तिथं उतरवायची, डबक्यातल्या पाण्यानं धुवायची आणि तिच्याच सावलीत भाकरी सोडायची, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यामुळे कोकणात ज्यांच्या घरी उतरलो त्या बाईंनी, "वाळूत गाडी नेऊ नका, कासवं अंडी घालून जातात," असं बजावलं, तेव्हा मी नुसती मान डोलावली.

सकाळी उठल्या उठल्या दाजी म्हणाले, "नवी गाडी हाय, समुद्राचं पाणी लावून आणू." दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना नाही म्हणायची आमच्या घरात रीत नाही. बाईंचं बोलणं मला आठवलं होतं, हे खोटं कशाला सांगू? तरी मी मुकाट्यानं शेजारी जाऊन बसलो.

पाण्यापासून बऱ्याच वरच जीप रुतली. दाजींनी रेस दिली तशी आणखी बसली. तेवढ्यात बाई धावत आल्या. रोज सकाळी त्या कासविणीचा माग काढतात आणि सापडलेली अंडी उचलून जाळीच्या कुंपणात नेऊन पुरतात. आज तो माग समुद्रातून वर येऊन नेमका आमच्या चाकांखाली पुसला गेला होता.

"बंद करा! घरटं इथंच आहे कुठंतरी. आता चाक फिरलं तर एकही अंडं वाचायचं नाही."

त्या दिवशी उधाण होतं. नदीच्या पात्रात पाणी असं बघता बघता चढत नाही. आमच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. लाट पुढच्या चाकाला लागली.

"पाणी वर यायलंय बाई! एकडाव रेस देतो, निघंल," दाजी म्हणाले. मी हात घालून किल्ली काढली आणि खिशात टाकली.

"येडा झालास का रं? गाडी जाईल की!"

"जाऊ द्या दाजी. न्हाई देत."

बाई बारीक काठीनं वाळू चाचपत होत्या. मागच्या चाकालगत काठी अलगद आत गेली. बाई आणि मी हातांनी उकरायला लागलो. वरची अंडी फुटली होती. पिवळा बलक वाळूत कालवला गेला होता, माझ्या बोटांना चिकटत होता. मला रडू आवरेना. खालची मात्र शाबूत होती. बाईंनी ती जराही न उलटता एकेक करून बादलीत ठेवली.

मग त्यांनी फुटलेली अंडी एका बाजूला सारली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"ही तुम्ही पुरा," एवढंच म्हणाल्या आणि बादली घेऊन गेल्या.

मागं दाजी ओरडत होते, गाडीत पाणी शिरलं होतं. मी दोन्ही हातांनी खड्डा करत राहिलो.