बुडबुडे थांबेपर्यंत

बारावीनंतर मी शिकले नाही, पण आमच्या प्रयोगशाळेतली पेशी वाढवायची एकही प्लेट माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय धुतली जात नाही. धुणं-पुसणं, निर्जंतुक करणं हे माझं नेमून दिलेलं काम. धुण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली एकदा बघणं मात्र मी माझं मीच मागे लावून घेतलंय. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम हसतात आणि बघू देतात.

तेव्हा देवळ्याची एक मुलगी आमच्याकडे पीएचडी करत होती. सपाट प्लास्टिकवर कॅन्सरच्या पेशी चटईसारख्या पसरतात, शरीरात मात्र त्या चहूबाजूंनी दाटीवाटीने राहतात. म्हणून ती त्यांच्यासाठी शेंगदाण्याएवढे, स्पंजासारखे जाळीदार सांगाडे बनवायची. पेशींनी त्यात घर करायचं आणि मग औषध घालून बघायचं. तिच्या औषधाने सगळ्या पेशी मेल्या, तेव्हा तिने पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. दोनच दिवसांनी तिला हे समितीपुढे मांडायचं होतं.

त्याच संध्याकाळी तिची प्लेट धुवायला आली. सांगाडे काढून घेतलेले होते. प्लेटमधल्या औषध न घातलेल्या खणांचा तळ मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तळ पेशींनी गच्च भरला होता. म्हणजे पेशी सांगाड्यात शिरल्याच नसणार, खाली प्लास्टिकवरच पसरल्या असणार आणि औषधाने मारल्या त्याही अशा सपाट पसरलेल्याच.

मुलीला सांगितलं तर ती उसळली. "ताई, तुमचं काम प्लेटा धुण्याचं आहे ना?"

मला राग आला की मी बोलत नाही, भांडी आपटते. त्या दिवशी हातात काचेचं काही नव्हतं हे नशीब. एवढंच म्हटलं, "इन्क्युबेटरमध्ये तुझी अजून एक प्लेट आहे. त्यातला एक सांगाडा नव्या खणात ठेव, रंग घाल आणि बघ."

जिवंत पेशी असल्या की तो निळा रंग गुलाबी होतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो निळाच राहिला, म्हणजे सांगाडा रिकामाच. मुलगी हमसून हमसून रडली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं. मॅडमनी समितीकडून मुदत मागून घेतली.

मग ती सांगाडे कसे वापरते ते मी शेजारी उभी राहून पाहिलं. कोरडा सांगाडा जरासा बुडवायची आणि लगेच वरून पेशी सोडायची. सांगाडा तरंगत राहायचा.

माझे वडील गवंडी. पंचवटीत त्यांनी बांधलेल्या भिंती आजही उभ्या आहेत. लहानपणी विटा भिजवायचं काम माझ्याकडे असे. वीट पाण्यात टाकली की बुडबुडे येतात, ते पूर्ण थांबेपर्यंत तिला हात लावायचा नाही. घाई केली की बाबा वीट परत पिंपात टाकायचे. वीट असो की सांगाडा, आत हवा बसली असेल तोवर दुसरं काय शिरणार?

आम्ही सांगाडे आधी अल्कोहोलात, मग खारट द्रावणात भिजवले. चिमट्याने हलकेच दाबत राहिलो. शेवटचा बुडबुडा निघायला दुसरा दिवस उजाडला. त्यानंतरच पेशी सोडल्या.

या वेळी पेशी आतपर्यंत गेल्या आणि त्याच औषधाला आतल्या पेशी पुरून उरल्या. पेढे काही आले नाहीत. पण मुलगी सूक्ष्मदर्शकापासून बाजूला सरकली आणि म्हणाली, "ताई, आधी तुम्ही बघा."

तिच्या प्रबंधात पद्धतीच्या प्रकरणात सांगाडे भिजवण्याबद्दल एक वाक्य आहे. मी इंग्रजी अडखळत वाचलं आणि बाबांना मराठीत सांगितलं.

"बुडबुडे थांबेपर्यंत, असंच लिवलंय?"

"असंच."

"परत वाच."

मी परत वाचलं.

"कोणी सांगितलं त्यांना?"

"मी."

"अन् तुला?" उत्तर माहीत असूनही ते माझ्या तोंडाकडे बघत बसले.

"तुम्ही," मी म्हटलं, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.