एक बंदर जास्त

कॅरिबियन क्रूझचे दोन मार्ग मुलाने मोबाइलवर पाठवले होते. बायको म्हणाली, "पहिल्यात एक बंदर जास्त आहे." मी त्याचा फोटो पाहिला. धक्क्यालगत पत्र्याची घरं, एका दारात म्हातारी नातीची वेणी घालत बसलेली. "दुसराच घेऊ. इथे काय आहे बघण्यासारखं?" मी म्हणालो.

आणि चपापलो. वेंगुर्ल्याला आमच्या दारात एकदा पर्यटकांची गाडी थांबली होती. आई लगबगीने गूळपाणी घेऊन बाहेर आली. गाडीतून कुणीतरी हेच म्हणालं आणि गाडी निघून गेली. आई तांब्या धरून तशीच उभी. त्या माणसाला मी आजवर शिव्या देत आलोय.

"मग दुसरा म्हणून कळवू ना?" बायकोने विचारलं.

मला फोटोतल्या म्हातारीकडे बघवेना.