हमालाची मुलगी

बाहेर धुकं असं साचलं होतं, की समोरचं दुकान उघडलंय की नाही तेही कळत नव्हतं. खुर्चीवाल्या काकूंनी मात्र आपल्या दुकानात केव्हाच दवाखान्यातून दुरुस्तीला आलेली खुर्ची उलटी पाडून तिचं फाटकं रेक्झिन सोलून काढलं होतं. ओठांत बारीक खिळे धरायचे आणि एकेक काढून ठोकायचा, ही त्यांची जन्माची पद्धत. त्यामुळे कुणी काही विचारलं, तर उत्तर एकच, "हं." नवऱ्यानं या 'हं'चा अर्थ सोयीनं लावला होता: बायको म्हणजे गरीब गाय.

नवरा कचेरीतला निवृत्त हेडक्लार्क. त्याचं आत्मचरित्र संध्याकाळी छापखान्यात जायचं होतं. दुकानाच्याच कोपऱ्यात बसून तो मजकूर सांगत होता, सून टाइप करत होती.

"'पत्नीस मी दुकान काढण्याची अनुमती दिली. ती सद्गदित होऊन म्हणाली, आपले उपकार कसे फेडू?'"

हातोडी थांबली. काकूंनी खिळे तळहातावर थुंकले.

"कोण म्हणालं?"

"तूच की."

"मी? सद्गदित? अहो, अंगाचा तिळपापड झाला होता माझ्या!"

"अगं, भावार्थ तोच."

"भावार्थ गेला चुलीत! तुम्ही काय म्हणालात ते सांगा आधी."

"पुस्तकात तसली भाषा शोभत नाही. सूनबाई, पुढे घे."

सुनेची बोटं हलेनात.

"तोंडात बरी शोभली!" काकू कडाडल्या. "भर गल्लीत म्हणालात, हमालाची मुलगी ती, खिळेच ठोकणार. होता माझा बाप हमाल. पाठीवर पोती वाहून त्यानं मला ही हातोडी घेऊन दिली. तो कुठाय तुमच्या पुस्तकात? काय गं, काय लिहिलंय?"

सून पुटपुटली, "'सासरे व्यापाराशी संबंधित होते.'"

"संबंधित! अजून लाज वाटते ना?"

नवऱ्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हमाल लिही," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात त्यानं ते गल्लीतलं वाक्यही सांगितलं.

"मोठ्यानं. तेव्हा घसा बसला नव्हता."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. सुनेनं टाइप केलं नि विचारलं, "मग आई काय म्हणाल्या?"

नवऱ्यानं बायकोच्या तळहातावरच्या खिळ्यांकडे पाहिलं. "काहीच नाही. तिच्या तोंडात खिळे होते."

"तेच लिही," काकू सुनेला म्हणाल्या. "आणि ते उपकार खोडून टाक."

राग काही उतरला नव्हता. त्यांनी खिळे ओठांत कोंबले, रेक्झिन कचकन ताणलं आणि दवाखान्याची खुर्ची ठोकायला घेतली.