ज्याला कोणी हात लावत नाही

इर्मेली आमच्या औलू शहरातल्या ऑफिसातली सगळ्यात जुनी. आम्ही एकच प्रोग्रॅम बनवतो, वाचा गेलेल्या आणि हातपाय न हलणाऱ्या माणसांसाठी. पडद्यावरच्या अक्षरावर नजर धरून ठेवली की ते उमटतं, वाक्य झालं की मशीन बोलतं. त्यातले कुठले पर्याय लोकांपुढे ठेवायचे आणि कुठले काढायचे, हे इर्मेली ठरवायची. पर्याय फार दिसले की माणूस बावचळतो, हे तिचं ठाम मत. तिचा धाकटा भाऊ रेइयो कायानी गावच्या शुश्रूषागृहात राहायचा आणि आमचंच मशीन वापरायचा. आजारानं त्याचं सगळं अंग गेलं होतं, उरले होते डोळे.

वसंतात तिनं 'प्रगत' पर्यायांची साफसफाई काढली. अक्षरावर नजर किती वेळ धरायची, तो आकडा हवा तसा बदलता यायचा. त्याच्या जागी तिनं तीन बटणं ठेवली: जलद, मध्यम, सावकाश. का, तर त्या आकड्याला महिनोन्महिने कोणी हात लावल्याची नोंद नव्हती. कोणाची हरकत आहे का, असं तिनं बैठकीत विचारलं. सगळे कॉफीच्या कपात बघत बसले. आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे होकार. मेली माझी माणसं, तोंडात मिठाची गुळणी धरूनच जन्माला येतात! नवी आवृत्ती सगळ्या मशीनांवर आपोआप गेली.

इर्मेली दर रविवारी गाडी काढून भावाकडे जायची. ठसका लागू नये म्हणून घट्ट केलेली कॉफी त्याला चमच्यानं भरवायची, स्वतः वेलदोड्याचा पाव खायची, मग दोघं खिडकीतून तळ्याकडे बघत बसायची. रेइयो आधीही एका भेटीत दोन वाक्यं बोलला तर डोक्यावरून पाणी. आता तो एकही बोलेना, आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. न बोलता शेजारी बसणं हीच तर आमच्याकडची माया.

मशीनमधून भलतीसलती अक्षरं येतात हे तिथल्या परिचारिकांनी पाहिलं होतं. पण डोळेही जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं. त्यांनी तसं इर्मेलीला कळवलं. तिनं ऑफिसात येऊन मला एवढंच सांगितलं, "रेइयोचे डोळे गेले." आणि कामाला बसली.

उन्हाळा संपता संपता एका स्पीच थेरपिस्टचा फोन आला, तो इर्मेलीनंच घेतला. बाई तक्रार करत होत्या की कायानीतल्या एका पेशंटचे डोळे थरथरतात, म्हणून त्यांनी त्याला नजरेचा वेळ भरपूर लांब लावून दिला होता, तो पर्यायच सापडत नाही. 'सावकाश'सुद्धा त्याला घाईचं होतं. वसंतापासून तो मुका पडलाय.

एकदा नीट बसवलेल्या गोष्टीला कोण कशाला परत हात लावेल? एवढं साधं एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

इर्मेलीनं पेशंटचं नाव विचारलंच नाही. फोन ठेवून ती माझ्या टेबलाशी आली. चेहरा पार उतरला होता. "तो आकडा परत घाल," म्हणाली. "आत्ता."

त्या रविवारचं तिनं मला नंतर सांगितलं. रेइयोनं एकेक अक्षर वेचत वाक्य जुळवलं, तोवर कॉफी गार झाली. मग मशीन बोललं, "डोळे शाबूत होते. तू एकदा तरी विचारायचंस."

"चुकलं माझं, रेइयो," ती म्हणाली, आणि मग बोलतच सुटली. लहानपणचं, आईचं, ऑफिसातलं, अगदी माझ्या दुपारच्या घोरण्याचंसुद्धा. आयुष्यात कधी बोलली नसेल एवढं. शेवटी मशीन म्हणालं, "जरा दम घे."

तळं गोठायच्या आत तो गेला.

मशीन ऑफिसात परत आलं. पुढच्या माणसाला देण्याआधी ते पुसून कोरं करायचं, असा नियम आहे. ते काम इर्मेलीचं. मी एकदा हळूच विचारलं, मी करू का? तिनं नुसती नकाराची मान हलवली.

अजून ते तिच्या टेबलावर आहे, आकडा सगळ्यात लांबच्या वेळेवर. त्याला कोणी हात लावत नाही.