रेड्याच्या पोटावरची घागर

नीलकंठ उमाठे यांनी रायपुरात जितकी नावं लिहिली, तितकी मतदार यादीतही नसतील. गोल बाजारातल्या वनमाला बर्तन भांडाराच्या पायरीवर बसून तीस वर्षं ते भांड्यांवर नावं घालत होते. लग्नाची परात असो की बारशाची वाटी, देणाऱ्याचं नाव उमटल्याशिवाय इथला माणूस भांडं दुकानाबाहेर काढत नाही. नाव नसेल तर दिलं कशावरून? नीलकंठरावांचं अक्षर गोल, भरीव, मोत्यासारखं. पण त्यांचं एक होतं. ते अक्षर बघत, मजकूर वाचत नसत. काना सरळ हवा, वेलांटी डौलदार हवी. कोणी कोणाला काय दिलं, याच्याशी त्यांना काडीचं कर्तव्य नव्हतं.

दिवसभर बसून गुडघे मात्र पार कामातून गेले होते. पायरीवरून उठताना ते "हे महादेवा" म्हणत आणि बसतानाही तेच म्हणत.

राज्य नवं, राजधानी नवी, त्यामुळे शहराला हौसेचं भरतं आलं होतं. शंकर नगरातल्या एका मंडळानं ठरवलं की एकवीस चौकांत फायबरचे एकवीस रानरेडे उभे करायचे. राज्याचा प्राणीच तो, इकडे त्याला वनभैंसा म्हणतात. एकेका रेड्याचा खर्च एकेका दुकानदारानं उचलायचा, तो कुणा कलाकाराकडून सजवून घ्यायचा, लोकांनी महिनाभर चौकाचौकांतून हिंडत बघायचं, आणि शेवटी लिलाव करून पैसा लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनांना द्यायचा. समोरच्या साडीवाल्यानं रेडा घेतल्याचं कळताच दुकानाच्या मालकीण वनमालाबाई तडक मंडळाच्या ऑफिसात गेल्या.

"मले त्याच्याहून मोठा पाहिजे," त्या म्हणाल्या.

"आंटी, सब एक साइज़ के हैं," मंडळाची सेक्रेटरी शर्मिष्ठा म्हणाली. पोरगी मराठी घरची, पण उत्तर हिंदीत.

"मग माझा पहिले उभा करा."

रेडा आला, पांढराफटक. कलाकार मात्र येईना, कारण शहरातले झाडून सगळे इतरांनी पळवले होते. बाई कपाळाला हात लावून बसल्या, तेव्हा नीलकंठराव पायरीवरूनच बोलले.

"रंग काहून पाहिजे, वहिनी? माळ्यावर भांडी पडून राहिली ना."

पडून राहिली होती खरी. मोडीत आलेलं नावाचं भांडं बाईंचे सासरे भट्टीला पाठवत नसत. त्यावर कुणाचा तरी आशीर्वाद असतो, तो वितळवायचा नाही, असा त्यांचा नेम. तीस वर्षांचे आशीर्वाद माळ्यावर धूळ खात होते. नीलकंठरावांनी ते खाली काढले, कापले, ठोकून सपाट केले आणि एकेक पत्रा रेड्याच्या अंगावर रिबिटांनी बसवू लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं काम चौकात उभं राहणार होतं. ते शीळ घालत होते, आणि त्यांना शीळ घालता येते हे बाजाराला तेव्हा कळलं.

शीळ थांबली ती एका घागरीपाशी. तांब्याची घागर, मोगऱ्याच्या वेलीत कोरलेला मजकूर: चि. सौ. कलावतीस दिवाळसणाची भेट, बाबांकडून, गोंदिया. हा मजकूर मात्र त्यांना पाठ होता. कलावती म्हणजे त्यांची बायको; तिच्या बाबांनी घागर आणली आणि जावयालाच छिन्नीनं नाव घालायला लावलं. इतकं सुंदर काम त्यांच्या हातून पुन्हा झालं नाही. आणि हीच घागर अठरा वर्षांपूर्वी त्यांनी वनमालाबाईंच्या सासऱ्यांकडे गुपचूप मोडीत देऊन बिजलीवर चालणारी कोरायची मशीन घेतली होती. बायकोला सांगितलं, अंगणातून चोरानं नेली.

कलावतीबाई तेव्हापासून दर सोमवारी पुरानी बस्तीतल्या महादेवाला एकच मागणं घालत: "माझ्या बाबांची घागर नेणाऱ्याले उठता-बसता तुझी आठवण येऊ दे." नीलकंठराव शेजारी हात जोडून उभे असत.

शहाण्या माणसानं ती घागर परत माळ्यावर टाकली असती. पण आपलं सर्वांत देखणं काम अंधारात ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी ती रेड्याच्या पोटाखाली बसवली. चौथरा बुटका, वाकून कोण बघतंय?

रेडा चौकात उभा राहिला, उन्हात असा झळकला की रिक्षावाले डोळ्यांवर हात घेऊ लागले. पहिला तास कौतुकाचा गेला. मग एक किराणा व्यापारी जवळ जाऊन वाचू लागले, आणि डाव्या खांद्यावर त्यांना आपलं नाव दिसलं. साडूच्या वास्तुशांतीला त्यांनी दिलेला पितळी डबा तो! साडूनं मोडीत काढला होता.

बस्स. दुपारपर्यंत अख्खा गोल बाजार रेड्याभोवती. कोणी कोणाचा आहेर फुंकला, सगळं पितळेवर आणि तांब्यावर, नीलकंठरावांच्या सुवाच्य अक्षरात. आत्या सापडल्या, मामा सापडले. सुनांनी सासूबाईंना हात धरून आणलं आणि मागचा उजवा पाय दाखवला. लोक पत्ते सांगू लागले: शिंगाजवळ आमचे काका, शेपटीवर तुमचे व्याही. साडीवाल्याच्या रंगीत रेड्याकडे कुत्रंही फिरकेना, त्यामुळे वनमालाबाई मनातून खूश होत्या. तीन घरांनी रेडा हटवा म्हणून अर्ज दिले. शर्मिष्ठा बघायला आली, पाठीवर तिला स्वतःच्या आजीचं नाव सापडलं आणि ती हसत सुटली.

"काका, यह कहीं नहीं जाएगा," ती म्हणाली.

नीलकंठरावांना मात्र तो कधी एकदा जातो असं झालं. कारण कलावतीबाई आता रोज यायच्या. शेजारणींना घेऊन रेड्याला प्रदक्षिणा घालायच्या आणि नवऱ्याच्या कामाचा तोरा मिरवायच्या. त्या वाकल्या की हे मधे येऊन उभे राहत.

"पोटाखाली काय आहे हो?"

"काही नाही. उरलेसुरले तुकडे."

महिना असाच धाकधुकीत सरला. लिलावाच्या सकाळी रेडा शंकर नगरला न्यायचा होता, आणि हे नीलकंठरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं की रेडा स्वतःच्या पायानं जात नाही. क्रेन आली. पट्टे बांधले. रेडा वर उचलला गेला, चौकाच्या डोक्यावर गेला, आणि सावकाश फिरला. त्याचं पोट साऱ्या गोल बाजाराला दिसलं. तांबं लखलखलं, आणि कुणीतरी मोठ्यांदा वाचलं: कलावतीस, बाबांकडून, गोंदिया.

कलावतीबाई मान वर करून बघत राहिल्या. रेडा अजून वर लटकत असतानाच त्या नवऱ्याकडे वळल्या.

"तुमी?" त्यांनी विचारलं.

"हव," नीलकंठराव म्हणाले. "मशीनसाठी. तुले सांगायची हिंमतच झाली नाही."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांच्या भेटीची अक्षरं तिथं उन्हात होती, जशीच्या तशी, वेलीसकट. मग त्यांची नजर नवऱ्याच्या गुडघ्यांवर गेली आणि तिथंच खिळली.

"अगं माय," त्या हळूच म्हणाल्या. "अठरा वर्षं मी मागून राहिली, अन् महादेवानं ऐकलं की."

लिलावात दोघे साडू एकमेकांवर चढले. एकाला रेडा लपवायचा होता, दुसऱ्याला मिरवायचा होता. एकविसांत सर्वांत जास्त बोली या रेड्याला लागली. किराणा व्यापाऱ्यांनी तो जिंकला आणि साडूच्या दुकानासमोर चांगल्या उंच चौथऱ्यावर उभा केला, त्यामुळे आता घागर कुणालाही दिसते.

पुढच्या सोमवारी कलावतीबाई देवळात एकट्याच गेल्या आणि नेहमीपेक्षा बराच वेळ थांबल्या. परतताना बाजारातून आल्या, तेव्हा नीलकंठराव डबा खायला पायरीवरून उठत होते. सवयीनं त्यांच्या तोंडून "हे महादेवा" निघून गेलं.

"सांगतलं मी त्याले, आता पुरे म्हणून," कलावतीबाई त्यांचा दंड धरत म्हणाल्या. "जुनी तक्रार आहे. दोन-तीन सोमवार लागतील."